कुडिमरामत : तंजावरच्या गावकीला घातलेली हाक

१

तंजावर म्हटले की मराठी वाचकाच्या मनात काही ठरावीक गोष्टी उभ्या राहतात. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास स्थापन केलेले राज्य, शहाजीराजांची नाटके, सरफोजीराजांचा सरस्वती महाल, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले घराण्याचा विस्तृत मराठी शिलालेख. या सर्वांचा अभ्यास आपल्याकडे कमीअधिक प्रमाणात झाला आहे. मात्र ज्या भातखाचरांच्या उत्पन्नावर हा सारा दरबार, ही नाटके आणि हे ग्रंथालय उभे होते, त्या खाचरांच्या गावांकडे आपली दृष्टी सहसा वळलेली नाही. राजवाड्याच्या सज्जातून कावेरीचे खोरे हिरवे दिसते. ते हिरवे कोण ठेवीत होते आणि कोणाच्या सांगण्यावरून, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही परका असू नये. कारण या प्रश्नाचे उत्तर शोधताना जी पहिली वस्तू हाती लागते, ती एक शब्दच आहे.

तो शब्द म्हणजे ‘कुडिमरामत’. ‘कुडि’ हा जुना तमिळ शब्द. घर, कुटुंब, रयत, वसून राहिलेला शेतकरी असे त्याचे अर्थ होतात. ‘मरामत’ हा अरबी-फारसीतून आलेला. दुरुस्ती या अर्थाने तो मराठीच्याही परिचयाचा आहे. मराठीत सांगावयाचे तर ‘कुळांनी करावयाची मरामत’. गावाचा तलाव, पाट, बांध यांची दुरुस्ती गावाने स्वतः, आपल्या श्रमाने करावयाची, या रिवाजाला हे नाव पडले. रिवाज नावाहून पुष्कळ जुना आहे. तरी नावाचा एक अवयव तमिळ आणि दुसरा दप्तरी फारसी असावा, याला अर्थ आहे. काम कुळांचे, आणि त्या कामाची नोंद करणारी भाषा सरकारची, अशी ही जोडणी आहे.

याच्या शेजारी आणखी एक शब्द ठेवून पाहावा. चोळकालीन शिलालेखांत ‘वेट्टि’ हा शब्द वारंवार येतो. बिनमोल करून द्यावयाचे श्रम, किंवा त्या श्रमांऐवजी भरावयाची पट्टी, असा त्याचा अर्थ आहे. आपला ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आला, तमिळ ‘वेट्टि’ही त्याच कुळातला मानला जातो. एकाच पाटातला एकच गाळ उपसण्याचे काम एका परिस्थितीत कुडिमरामत होते आणि दुसऱ्या परिस्थितीत वेट्टि होते. कुदळ तीच आणि पाटीही तीच. या दोहोंतील अंतर कशाने ठरते? गावाचे पुढारी गावाला कामात ओढतात तेव्हा ते नेमके काय मागत असतात आणि त्याच्या बदल्यात काय देत असतात? प्रस्तुत निबंधाचा विषय तोच आहे.

२

प्रारंभ दगडावर कोरलेल्या साक्षीपासून करणे सोयीचे आहे. राजराज चोळाने बांधविलेले तंजावरचे महामंदिर १०१० मध्ये पूर्णत्वास गेले. त्याच्या जोत्यावरील आणि भिंतींवरील लेख म्हणजे एका फार मोठ्या संस्थेचे जमाखर्चाचे कागदच होत. देवाला वाहिलेला पैसा तिजोरीत निजून राहत नसे. तो गावोगावच्या सभांकडे ठेव म्हणून दिला जाई आणि त्यावर सालीना साडेबारा टक्के, म्हणजे काशूमागे एक अष्टमांश, व्याज त्या सभांनी मंदिराकडे पोचवावयाचे असे. दिव्यासाठी ९६ मेंढ्या एकेका गुराख्याच्या हवाली केल्या जात, आणि त्याने रोज ठरलेले तूप द्यावयाचे. या मेंढ्यांना लेखांत ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ असे म्हटले आहे. कळपाची संख्या कायम राखण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर होती, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. मंदिराचे भांडारी, हिशेबनीस आणि राखणदार कोणकोणत्या गावांच्या सभांनी पाठवावयाचे, हेही गावांच्या नावांसह कोरलेले आहे.

राजाज्ञेचा हा प्रकार बारकाईने पाहण्याजोगा आहे. राजा गावातल्या माणसाला थेट हाक घालीत नाही. तो गावाच्या सभेला हाक घालतो, आणि सभा आपल्या माणसाला. ब्राह्मणांच्या अग्रहारांत ‘सभा’, इतर शेतकऱ्यांच्या गावांत ‘ऊर’, व्यापाऱ्यांच्या वस्तीत ‘नगरम्’ आणि अनेक गावांच्या टापूचे ‘नाडु’ अशा या संस्था होत्या. त्यांचे अंतर्गत नियम किती काटेकोर असत, हे कांचीपुरम जिल्ह्यातील उत्तरमेरूर येथील पहिल्या परांतकाच्या काळच्या, ९१९ आणि ९२१ च्या, लेखांवरून कळते. गावाचे ३० प्रभाग, प्रत्येक प्रभागातून ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहिलेली नावे, ती एका घटात घालून लहान मुलाकडून काढविलेली चिठ्ठी, आणि तीतून निवडलेल्या वार्षिक, बागांच्या व तलावांच्या समित्या. ज्याने पूर्वी समितीवर काम करून हिशेब दिला नसेल तो अपात्र, आणि त्याचे नातलगही अपात्र. लोकांनी सार्वजनिक कामावर विश्वास ठेवावा यासाठी सर्वांत आधी हिशेब चोख हवा, हे १० व्या शतकातील त्या ग्रामस्थांना पुरते उमगले होते.

या लेखांचे कौतुक विसाव्या शतकात पुष्कळ झाले आणि भारतीय लोकशाहीचे मूळ म्हणून ते पाठ्यपुस्तकांतही शिरले. कौतुक गैर नाही. पण लेख शेवटपर्यंत वाचले पाहिजेत. उमेदवाराकडे करपात्र जमीन हवी, स्वतःच्या जागेवर बांधलेले घर हवे, वेदाध्ययन हवे, वयाची ठराविक मर्यादा हवी. जमीन कसणारा पण तिचा धनी नसलेला माणूस या घटात नव्हता, स्त्रियाही नव्हत्या. तंजावरच्या मंदिरलेखांत करमुक्त जागांची यादी येते. तीत वस्ती, तळी, पाट यांच्याबरोबर ‘परैच्चेरी’, म्हणजे परैयरांची वस्ती, आणि त्यांची स्मशानभूमीही येते. म्हणजे गावाच्या नकाशात त्यांना जागा होती, सभेच्या बैठकीत नव्हती. हा एकच तपशील पुढील नऊशे वर्षांच्या इतिहासाची किल्ली आहे, असे मला वाटते.

३

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात सामुदायिक श्रम ही निकडीची गोष्ट होती. करिकाल चोळाच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या कल्लणै या बंधाऱ्यापाशी नदीचे पाणी कावेरी आणि वेण्णारू यांत वाटले जाते आणि पुराचे जादा पाणी कोळ्ळिडम्‌कडे वळते. तेथून पुढे शाखा, उपशाखा, पाट आणि चर असे करीत पाणी खाचरापर्यंत पोचते. जमीन जवळजवळ सपाट असल्यामुळे प्रवाह मंद, आणि प्रवाह मंद म्हणून गाळ फार. उन्हाळ्यात पाट कोरडे पडले की पाणी येण्याच्या आत गाळ काढून, काठ बांधून घेतले नाहीत तर शेवटच्या खाचराला पाणी मिळत नाही आणि पहिल्या खाचरात ते तुंबते. वरच्या गावाने आळस केला तर खालच्या गावाची पेरणी बुडते. म्हणून येथे एकट्याने शहाणे असून भागत नाही.

या कामाची हाक गावचा मुख्य, ‘नाट्टाण्मै’, देई. प्रत्येकाच्या जमिनीच्या हिश्शाप्रमाणे त्याने किती माणसे द्यावयाची हे ठरे. पाणी सुरू झाले की त्याची वाटणी ‘नीर्कट्टी’ करी. आपल्याकडे खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांच्या काठी जी फड पद्धती चालत आली, तिच्याशी याचे साम्य सहज दिसते. तेथेही पाटाची साफसफाई लाभधारकांनी मिळून करावयाची, पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याने करावयाचे, आणि त्याला मेहनताना धान्यरूपाने द्यावयाचा. दोन्हीकडे तत्त्व एकच : ज्याला पाणी, त्याने श्रम द्यावेत.

तत्त्व न्याय्य आहे. परंतु तंजावरात जमिनीचा धनी आणि तिच्यात उतरणारा माणूस हे बहुतेक ठिकाणी वेगळे होते. धनी मिरासदार, त्यांत ब्राह्मण आणि वेळ्ळाळ यांचे प्राबल्य. खाचरात उतरणारा ‘पण्णैयाळ’, म्हणजे मालकाच्या शेतीला पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला मजूर. तो मुख्यतः पळ्ळर आणि परैयर या जातींचा. मिरासदाराच्या वाट्याला आलेले ‘श्रमदान’ पण्णैयाळाच्या खांद्यावरून होई. त्यामुळे ज्या कामाला मिरासदाराच्या ओटीवर कुडिमरामत म्हणत, तेच चेरीच्या झोपडीत वेट्टि म्हणून ओळखले जाणे स्वाभाविक होते. गावकीच्या गौरवाने लिहिणाऱ्यांनी ओटीवरचा शब्द घेतला. दुसऱ्या शब्दाची नोंद फारशी कोणी ठेवली नाही.

४

मराठ्यांनी हे सारे तयारच घेतले. त्यांच्या राजवटीत सुभे, माहाल, सरखेल, कारभारी यांची परिभाषा तमिळ गावांवर पसरली आणि मोडी दप्तर वाढले. ‘मिरास’ हा आपल्या ओळखीचा शब्द मात्र येथे थोड्या वेगळ्या घडणीत भेटतो. देशावरील मिरासदार आपल्या शेताचा वंशपरंपरागत धनी असे. तंजावरच्या अनेक गावांत मिरास म्हणजे गावातील हिस्सा. सारी जमीन एकत्र ठेवून उत्पन्न वाटून घेतले तर ते ‘समुदायम्’. काही वर्षांनी शेतांची फेरवाटणी केली तर ‘करैयीडु’. एकाच धन्याचे गाव असेल तर ‘एकभोगम्’. फेरवाटणीमागची कल्पना सुज्ञ होती. चांगले आणि वाईट शेत आळीपाळीने वाट्याला येणार असेल तर साऱ्याच पाटांची काळजी साऱ्यांना राहते. सहभागाची ही प्रेरणा कोणाच्या भाषणातून आलेली नाही. ती वाटणीच्या रचनेतच बसवलेली होती.

ही घडी विस्कटली ती १७८१ च्या हैदर अलीच्या स्वारीने. पिके आणि गुरे गेली, दुष्काळ आला, माणसे परागंदा झाली. त्याच दशकात दुसऱ्या तुळजाजीराजांच्या कारभाऱ्यांच्या जुलमाने पुन्हा हजारो कुळे गाव सोडून गेली. राजाने अभय दिले तरी लोक परतेनात, कारण असली अभयवचने त्यांनी पूर्वीही ऐकली होती. अशा वेळी तंजावरात राहणारा जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ याला मध्यस्थ व्हावे लागले. त्याच्या पत्रव्यवहारावर आधारलेल्या चरित्रांत नमूद आहे की, त्याने स्वतः जामीन राहण्याचे कबूल करताच एकाच दिवसात ७,००० माणसे परत आली. पेरणीचा हंगाम उलटू लागला होता. त्याने त्यांना नेट लावण्याची विनंती केली आणि त्यांनी रात्रंदिवस खपून पीक घेतले.

या प्रसंगाचा उपयोग चरित्रकारांनी श्वार्ट्झच्या सत्त्वाचे माहात्म्य सांगण्यासाठी केला. त्याचे सत्त्व नाकारण्याचे कारण नाही. सरफोजीराजांना तो पित्यासमान होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर जॉन फ्लॅक्समनकडून घडविलेले संगमरवरी स्मारक त्यांनी तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. तरीही गावांच्या बाजूने पाहिले तर प्रसंगाचा अर्थ अधिक कठोर आहे. कुळांनी राजाशी जो करार केला नाही तो एका परक्या पाद्र्याशी केला, कारण गाव सोडून जाण्याचे एकमेव शस्त्र त्यांच्या हाती होते आणि ते त्यांनी योग्य हमी मिळेपर्यंत खाली ठेवले नाही. मराठी राजवटीविषयी आत्मीयता बाळगणाऱ्या वाचकाला हे वाचताना अवघडल्यासारखे होईल. पण आत्मीयतेने कागद बदलत नाहीत.

याच शतकाच्या अखेरीस ‘पट्टकदार’ हा नवा पुढारी दिसू लागतो. अनेक गावांचा एक गट, त्याचा एक मुख्य, आणि गावांचा वसूल सरकारात भरण्याची जबाबदारी त्याच्यावर. रयतेला सरकारी शिपायांपासून वाचविणारा मध्यस्थ म्हणून त्याची सोय होती. लवकरच तो गावांचाच धनी होऊ लागला आणि कंपनी सरकारने जिल्हा हाती घेतल्यावर ही पद्धत मोडून काढली. मध्यस्थाला ज्यांच्या वतीने बोलावयाचे त्यांनी त्याचा हिशेब घेण्याची सोय नसली म्हणजे काय होते, याचे हे ठळक उदाहरण आहे. उत्तरमेरूरच्या ग्रामस्थांनी जी अट सर्वांना दिसेल अशी दगडात कोरून ठेवली होती, ती येथे कोणी कागदावरही घेतली नाही.

१७९९ च्या तहाने सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा परिसर एवढेच उरले. गावांचा कारभार गेला. छत्रे मात्र त्यांनी आग्रहाने आपल्याकडे ठेवली. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध, मुलांना शिक्षण देणारी ही छत्रे आपल्या राज्याचे भूषण आहेत, असे त्यांनी रेसिडेंटाला कळविले होते. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी प्रसिद्ध. छत्रांची मानवता निःसंशय मोठी होती. परंतु छत्रात येणारा माणूस पंगतीला बसणारा होता. पंगत कशी चालवावी हे ठरविणारा नव्हता. राजा दाता राहिला आणि प्रजा याचक झाली, असे थोडे अन्यायाने म्हणता येईल. अन्यायाने अशासाठी की, दात्याच्या हातून राज्यच काढून घेतलेले होते.

५

इंग्रजी अमलात पाण्याचे काम अभियंत्यांकडे गेले. आर्थर कॉटनने १८३६ च्या सुमारास कोळ्ळिडम्‌वर बंधारा घालून कावेरीचा प्रवाह सावरला, आणि त्याच्या कर्तृत्वाविषयी त्रिभुज प्रदेश आजही कृतज्ञ आहे. मोठे बांध सरकारचे, छोटे पाट गावाचे, अशी वाटणी मनात धरून सरकार चालले. पुढे गावे आपले काम करीनाशी झाली आहेत, कुडिमरामत लयास चालली आहे, अशी तक्रार सरकारी कागदांत सुरू झाली. तिच्यावर शोधलेला उपाय म्हणजे १८५८ चा मद्रासचा पहिला कायदा, ‘सक्तीच्या श्रमांचा कायदा’. बांध फुटण्याचे संकट आले तर परिसरातील श्रमजीवी वर्गाच्या धडधाकट पुरुषांना कामावर बोलाविण्याचा अधिकार त्याने अधिकाऱ्यांना दिला, आणि रिवाजाने चालत आलेल्या गावकामात कसूर करणाऱ्यास दंडाची तरतूद केली.

‘श्रमजीवी वर्ग’ ही कायद्यातील शब्दयोजना सूचक आहे. जुना रिवाज निदान तोंडाने तरी म्हणत होता की ज्याला पाणी त्याने श्रम द्यावेत. कायद्याने संकटकाळापुरते उघड सांगितले की श्रम देणारा वर्ग ठरलेला आहे, मग पाणी कोणालाही मिळो. रिवाज कायद्यात उतरवताना त्यातील परस्परता गळाली आणि सक्ती उरली. यात गावे निर्दोष होती असे नाही. परस्परतेला आतून कीड लागलेली होतीच. सरकारने ती बरी करण्याऐवजी तिला कलमाचा आकडा दिला.

६

गावाला एकत्र आणण्याचा आणखी एक मार्ग तंजावरने फार चांगला जोपासला. तो कलेचा. आणि येथे मराठीचे देणे स्पष्ट आहे. रामदासी मठांनी आणि पुढे १९ व्या शतकात महाराष्ट्रातून आलेल्या मोरकरबुवांसारख्या कीर्तनकारांनी तंजावरला मराठी कीर्तनाची गोडी लावली. तंजावर कृष्ण भागवतरांनी (१८४७–१९०३) तीच घडण तमिळ हरिकथेला दिली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते तमिळ कथेकऱ्याच्या तोंडी रुळली. एकटा माणूस उभा राहतो, गावाला गोष्ट सांगतो, मध्येच गावाला आपल्याबरोबर गाऊ लावतो, ही रचनाच श्रोत्याला भागीदार करणारी आहे. महाराष्ट्रात त्याच रचनेचा उपयोग गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कसा केला हे सर्वश्रुत आहे. दिवसा हाती झाडू, रात्री कीर्तन. आणि कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न अधिक. आधी स्वतः गाव झाडावयाचे आणि मग गावाला विचारावयाचे, हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही.

पापनाशम तालुक्यातील मेलट्टूर गावचा भागवतमेळाही याच संदर्भात पाहावा. नृसिंहजयंतीच्या सुमारास वेंकटराम शास्त्रींची तेलुगू नाटके गावचे पुरुष रात्रभर करतात. स्त्रीभूमिकाही तेच वठवितात. नोकरीनिमित्त दूरच्या शहरांत गेलेली माणसे आपल्या घराण्याकडे चालत आलेल्या भूमिकेसाठी गावी परततात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही परंपरा क्षीण झाली असता ई. कृष्ण अय्यर यांनी तिच्याकडे लक्ष वेधले आणि गावाने ती पुन्हा उभी केली. ‘तुमच्यावाचून हे काम अडेल’ असे माणसाला वाटावयास लावणे, यापेक्षा प्रभावी आवाहन दुसरे नाही. परंतु या भूमिका ब्राह्मण घराण्यांच्या होत्या. गाव एकत्र येत होते हे खरे; त्यातील बहुतेक गाव प्रेक्षक म्हणून येत होते, हेही तितकेच खरे.

७

प्रेक्षकांनी आणि खांदेकऱ्यांनी स्वतः बोलावयास सुरुवात केली ती १९४० नंतरच्या दशकात. १९४३ मध्ये बी. श्रीनिवास राव हे कन्नडभाषक कम्युनिस्ट कार्यकर्ते तंजावर जिल्ह्यात किसान सभेच्या कामासाठी आले. त्यांनी पण्णैयाळांमध्ये राहून, त्यांच्याच झोपड्यांत जेवून संघटना बांधली. त्यांच्या पहिल्या मागण्यांत मजुरीबरोबरच चाबकाचे फटके आणि शेणपाणी पाजण्याची शिक्षा बंद करण्याची मागणी होती, यावरून परिस्थितीची कल्पना येईल. १९४४ मध्ये मन्नारगुडी येथे जमीनमालक आणि मजूर यांच्यात करार झाला. ज्यांच्याकडून आजवर फक्त श्रम मागितले गेले होते, त्यांना या कराराने सही करण्याजोगा पक्ष मानले. १९५२ मध्ये राजाजींच्या सरकारला तंजावरच्या कुळांना आणि पण्णैयाळांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. श्वार्ट्झप्रमाणे श्रीनिवास रावही बाहेरचे होते. मात्र श्वार्ट्झने स्वतःचा शब्द तारण ठेवला; श्रीनिवास रावांनी लोकांना त्यांचा स्वतःचा शब्द दिला. १९६१ मध्ये ते वारले तेव्हा ती संघटना त्यांच्यावर अवलंबून राहिलेली नव्हती.

या जागृतीची किंमत जबर होती. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर आणि आताच्या नागपट्टिणम जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावी, मजुरीच्या वादातून ४४ दलितांना एका झोपडीत जाळून मारण्यात आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. इंदिरा पार्थसारथी यांची ‘कुरुदिप्पुनल’ ही कादंबरी याच घटनेवर आधारलेली असून तिला १९७७ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. तमिळ साहित्याने तंजावरचा गाव पुन्हा वाचावयास घेतला, त्यात या घटनेचा मोठा वाटा आहे. हिरव्या खोऱ्याचे आणि संगीताच्या भूमीचे जे चित्र रूढ होते त्यात ही राख मिसळल्यावाचून पुढे लिहिता येईना.

सर्वोदयी कार्यकर्त्या कृष्णम्माळ आणि त्यांचे पती एस. जगन्नाथन हे या हत्याकांडानंतर या भागात कामाला आले. १९५६-५७ मध्ये विनोबांनी तमिळनाडूत पदयात्रा केली होती आणि जगन्नाथन तेथील ग्रामदान चळवळीचे अग्रणी होते. विनोबांचे आवाहन मुख्यतः देणाऱ्याच्या अंतःकरणाला होते. कीळवेण्मणीनंतर या दांपत्याने आवाहनाची दिशा बदलली. १९८१ मध्ये स्थापिलेल्या ‘लाफ्टी’ या संस्थेमार्फत जमीनमालकांशी बोलणी करून, बँकांकडून कर्ज उभारून, जमीन विकत घेऊन ती भूमिहीन दलित कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे करून देण्यात आली. उपोषण, पदयात्रा, सभा या साऱ्यांत स्त्रिया पुढे होत्या. उत्तरमेरूरच्या घटात ज्यांची चिठ्ठी कधी पडणारच नव्हती, त्यांच्या नावाचा सातबारा, म्हणजे तेथील ‘पट्टा’, तयार झाला. गावाच्या पाटाची काळजी त्या आता कोणाच्या वतीने घेणार नव्हत्या.

८

१९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आणि तमिळनाडूच्या १९९४ च्या पंचायत कायद्याने ग्रामसभेला घटनेचा आधार दिला. प्रौढ मतदार तेवढा सभासद. जमीन, घर, वेद, लिंग यांची अट नाही. १९९६ च्या निवडणुकांपासून राखीव जागांवर दलित आणि स्त्रिया सरपंच होऊ लागल्या, आणि मदुरै भागातील पाप्पापट्टी, कीरिपट्टी यांसारख्या गावांनी दहा वर्षे निवडणूकच होऊ न देऊन दाखवून दिले की जुनी सभा अजून विसर्जित झालेली नाही. २०१६ मध्ये तमिळनाडूने स्त्रियांचा राखीव वाटा निम्म्यावर नेला. ग्रामसभेच्या वर्षातील ठरलेल्या चार दिवसांत २०२२ मध्ये आणखी दोन दिवसांची भर घालण्यात आली. २०१७ मध्ये राज्य सरकारने पाट आणि तलावांच्या दुरुस्तीसाठी जी योजना आणली तिला नाव दिले ‘कुडिमरामत’च, खर्चाचा दहावा हिस्सा शेतकऱ्यांच्या संघटनांनी रोख, वस्तू वा श्रमरूपाने द्यावा, अशी तिची अट होती. जुन्या शब्दाची ओढ सरकारलाही वाटली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. जानेवारी २०२५ मध्ये तंजावरसह बहुतेक जिल्ह्यांतील ग्रामीण लोकप्रतिनिधींची मुदत संपली, निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत आणि पंचायतींचा कारभार विशेष अधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आला. हाक घालणारा पुन्हा एकदा सरकारी माणूस झाला.

हजार वर्षांचा हा पट पाहताना पुढाऱ्याच्या वक्तृत्वापेक्षा काही साधे प्रश्न अधिक निर्णायक ठरलेले दिसतात. काम ठरविण्याच्या बैठकीला काम करणारा बसलेला होता काय? कामाचे फळ त्याच्या खाचरापर्यंत पोचत होते काय? पुढाऱ्याकडे हिशेब मागण्याची त्याला मुभा होती काय? आणि ‘येत नाही’ म्हणण्याचा अधिकार त्याला होता काय? तंजावरात वेगवेगळ्या काळी यांतील एकेका प्रश्नाचे होकारार्थी उत्तर मिळाले. हिशेबाचे उत्तर उत्तरमेरूरने दिले, फळाच्या समान वाटणीचे करैयीडूने, नकाराचे १७८० नंतरच्या परागंदा कुळांनी, बैठकीतील जागेचे मन्नारगुडीच्या कराराने. चारही उत्तरे एकाच गावात, एकाच वेळी मिळाल्याचा पुरावा मात्र दगडावर नाही आणि मोडी कागदांतही नाही.

मराठी अभ्यासकाला या क्षेत्रात करण्यासारखे पुष्कळ आहे. तंजावरच्या मोडी रुमालांतील काही कागदांचे तमिळ अनुवाद तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले आहेत. मूळ भाषा आपली असून वाचन मात्र तिकडे अधिक झाले, हे आपण मान्य केले पाहिजे. दरबारी नाटकांच्या संहितांबरोबर गावांच्या पाटांचे, बांधांचे, मजुरांच्या रोजमुऱ्याचे कागद कोणी चिकाटीने वाचील, तर राजे आणि कवी यांच्या मागे उभी असलेली माणसे आपल्या साहित्येतिहासात येतील. त्या कागदांत ‘मरामत’ हा शब्द भेटला की त्याच्या आधी कोणाचे नाव आहे, आणि ‘वेठ’ हा शब्द भेटला की त्याच्या पुढे कोणाचे, हे टिपून ठेवणे ही त्या वाचनाची पहिली पायरी ठरावी.